वाणाचं केंदाळ

"हे कसलं रोप हो, शालनवहिनी?" रेवतीनं विचारलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या पंचवीस-तीस बायका माझ्या व्हरांड्यात दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्या वर्षी मी वाण म्हणून रोपं लुटत होते. स्टीलच्या वाट्या आणि प्लॅस्टिकच्या चाळण्या लुटून कंटाळा आला, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. कुणाला मोगरा दिला, कुणाला कोरफड, कुणाला ओवा. रेवतीच्या हातात मात्र मी आइस्क्रीमचा मोठा डबा ठेवला. डब्यात पाणी होतं आणि पाण्यावर फुगीर देठांची चार हिरवीगार रोपं तरंगत होती.

"पाण्यातलं ऑर्किड म्हणतात याला," मी म्हणाले. "जांभळी फुलं येतात. तुझ्या तळ्यासाठी खास आणलंय."

"माझ्यासाठी वेगळं आणलंत? एवढं लक्षात ठेवून?" ती हरखली आणि सगळ्या बायकांसमोर वाकून माझ्या पाया पडली. मीही तोंडभरून आशीर्वाद दिला.

आतल्या दाराशी स्टुलावर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तीळगूळ सरत आलाय गं. आतला डबा आण."

ते ऑर्किड नव्हतं. ते केंदाळ होतं, जलपर्णी. आमच्या नदीत उन्हाळा लागला की पाणी दिसत नाही, केंदाळच दिसतं. चाराची महिन्याभरात चाळीस होतात. वर हिरवंगार आणि खाली काळं, नासलेलं पाणी, त्यात मासा जगत नाही की बेडूक. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते, त्यामुळे त्या पाण्याचं नेमकं काय होतं हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच आदल्या दिवशी नदीवर जाऊन मी ते स्वतः उचलून आणलं होतं. वाण कुणी नाकारत नाही, आणि घरी नेऊन फेकूनही देत नाही. अशुभ मानतात.

आज या गोष्टीला तीस वर्षं झाली. मी असं का केलं, ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला रेवतीचा मत्सर वाटत होता. साधासुधा नाही, रात्रीचं जेवण गोड लागू न देणारा.

आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. बैठी घरं, मागेपुढे जागा. माझी गुलाबांची बाग होती, छत्तीस झाडं. कॉलनीच्या महिला मंडळाच्या बागस्पर्धेत नऊ वर्षं पहिला नंबर माझाच. त्या नऊ वर्षांत आत्तींनी माझ्या गुलाबांबद्दल एक चांगला शब्द काढला असेल तर शपथ. थाळीएवढं फूल त्यांच्यापुढे धरलं, तर "देवाला चार आण" म्हणायच्या. गुलाबांचं सोडा, माझ्या पुरणपोळीला, माझ्या पगाराला, नोकरी करून त्यांचं पथ्यपाणी सांभाळण्याला, कशालाच कधी बरं म्हटलं नाही. वाईटही म्हटलं नाही. नुसतं घ्यायचं आणि गप्प बसायचं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि मी अजून त्या एका शब्दाची वाट बघत होते.

मग शेजारी परब इंजिनिअर राहायला आले आणि त्यांची ही बायको, रेवती. सावंतवाडीकडची, किडकिडीत, सदा हसतमुख. आल्या आल्या तिनं गडी लावून मागच्या अंगणात खड्डा खणला. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, कडेला घोटाभर आणि मध्ये कमरेइतका खोल. तळाला ताडपत्री, तिच्यावर चिकणमाती. कॉलनीचे लोक हसले. मी तर सगळ्यांत जास्त हसले. पावसाळ्यात खड्डा भरला. तिनं कडेनं वेखंड लावलं, पाण्यात पांढरी कमळं सोडली, तळाशी पाणगवताच्या जुड्या रोवल्या आणि हात झाडून बसली. मासे सोडले नाहीत. "मासे बेडकांची पिल्लं खातात हो वहिनी," म्हणायची. नळाच्या पाण्यात कारखाना औषध घालतो म्हणून दोन दिवस पिंपात ठेवलेलं पाणीच तळ्यात घालायची. डास होतील म्हणून मी वाट बघत बसले, तर तिथं चतुर आले आणि त्यांच्या पिल्लांनी डासांची अंडी-बिंडी सगळं फस्त केलं. बेडूक आले, खंड्या आला, शेपटी हलवत धोबी पक्षी आला.

एकदा ती बाटलीत पाणी घेऊन माझ्याकडे आली. "जरा तपासून द्याल? तुमच्यासारखं पाण्यातलं कुणाला कळतं इथं?" मी ते पाणी प्रयोगशाळेत तीनदा तपासलं. नापास व्हावं म्हणून. तिन्ही वेळा ते आमच्या पिण्याच्या पाण्यापेक्षा चांगलं निघालं.

तरीही मी हे सारं सोसलं असतं. त्या वर्षी बागस्पर्धेत तिचा पहिला नंबर आला, तेही सोसलं असतं. पण आत्ती तिकडे जाऊ लागल्या. रोज संध्याकाळी कुंपणाचं फाटक ढकलून जायच्या आणि तळ्याच्या काठावरच्या दगडावर तासभर बसायच्या. परत आल्या की सुरू.

"पोरीनं काय तळं केलंय गं, शालन! आज खंड्यानं दोनदा बुडी मारली."

"हो का?"

"आणि ती पोर मला आजी म्हणती, किती गोड बोलती. हाताला गुण हाय तिच्या."

तिच्या हाताला गुण! मी भाजी चिरत होते, ती तशीच सोडून न्हाणीत गेले आणि नळ सोडून रडले. पंधरा वर्षं मी ज्याच्यासाठी झुरले, ते हिला सहा महिन्यांत, एका खड्ड्यावर मिळालं होतं. त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत ते तळं खुपायला लागलं. ते नासलं म्हणजे आत्ती परत माझ्या व्हरांड्यात येऊन बसतील, एवढंच मला समजत होतं.

म्हणून ते वाण.

संक्रांत झाली आणि मी रोज कामावर जाता-येता कुंपणावरून नजर टाकू लागले. पण झालं भलतंच. आत्तींचं जाणं कमी व्हायचं सोडून वाढलं. आधी संध्याकाळी जायच्या, आता सकाळीही जाऊ लागल्या. आंघोळ, देवपूजा झाली की परसातली फुलं काढायची आकडी घ्यायच्या आणि निघायच्या.

"आता सकाळचं कुठं?"

"येतो जरा रेवतीकडनं," त्या म्हणायच्या. आमच्याकडच्या जुन्या बायका अशाच 'येतो, जातो' बोलतात.

"मग आकडी कशाला?"

"तिच्या दारातल्या जास्वंदीची फुलं उंचावर हायत."

तासाभरानं परत यायच्या तेव्हा लुगड्याचा काठ ओला असायचा. घरात तांब्याभर पाणी आणा म्हटलं तर ज्यांचे गुडघे दुखायचे, त्या तिच्याकडे जाऊन पाण्यात पाय सोडून बसत होत्या. मी एकदा बोललेच.

"आत्ती, सर्दी होईल. पाण्यात कशाला बसता?"

"बरं वाटतंय पायास्नी."

"घरात पाय शेकून देते म्हटलं तर नको म्हणता."

त्यांनी लुगड्याचा काठ पिळला. मी रागानं कुकरचं झाकण आपटलं.

आणि केंदाळ? ते वाढतच नव्हतं. फेब्रुवारी सरला तरी तळ्याच्या एका कोपऱ्यात झुबकाभर, जेवढ्यास तेवढं. त्याला जांभळे तुरे आले आणि कॉलनीच्या बायका तेही बघायला आल्या. "शालनवहिनींनी दिलंय," असं रेवती प्रत्येकीला कौतुकानं सांगायची. मी विचार केला आणि मला कारण सापडलं. केंदाळाला घाण पाणी लागतं, खत लागतं. हिचं पाणी एवढं स्वच्छ की केंदाळही तिथं उपाशी राहत होतं. त्या शोधानं मला जो संताप आला, तो आज आठवला तरी नवल वाटतं.

मार्चमध्ये मी रेवतीला म्हणाले, "तुझी कमळं यंदा बारीक दिसतात गं. मळी घाल त्यांना."

मळी म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा काळा गाळ. शेताला उत्तम खत. तळ्याला विष म्हणावं इतकं वाईट.

"पाण्यात चालेल?" तिनं विचारलं.

"मी सांगते ना. चार पाट्या घाल."

मी केमिस्ट. तिनं विश्वास ठेवला. कारखान्यातून चार पाट्या मळी मीच पाठवून दिली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आत्तींची कंबर धरली. एका सकाळी तिकडून आल्या त्या भिंतीला धरून. डॉक्टरांनी वजन उचललंत का, म्हणून विचारलं, तर आत्ती म्हणाल्या, "या वयात मी कशाला वजन उचलतोय?" त्यांना पलंगावरून उठता येईना. मी दिवसभर कामावर, हेही कारखान्यात. शेवटी नणंद जयसिंगपूरहून गाडी घेऊन आली आणि महिनाभरासाठी त्यांना घेऊन गेली.

निघताना आत्तींनी मला जवळ बोलावलं. वाटलं, घर सांभाळ म्हणतील. त्या म्हणाल्या, "रेवतीच्या तळ्याकडं लक्ष ठेव."

मी मान डोलावली. गाडी वळणावर गेल्यावर आत येऊन दार लावलं. घरातून जाताना त्यांना मी दिसले नाही, माझी मुलं दिसली नाहीत. त्यांना त्या बाईचं तळं आठवलं. ठेवते लक्ष, मी मनात म्हटलं. चांगलं ठेवते.

पंधरा दिवसांनी कुंपणावरून वास येऊ लागला. विसाव्या दिवशी भल्या सकाळी रेवती माझ्या दारात उभी राहिली. हातात बाटली, बाटलीत काळपट पाणी. तिचे डोळे सुजले होते.

"वहिनी, बेडकांची पिल्लं मरताहेत. सगळी वर येऊन तोंड उघडताहेत. काय करू?"

खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला नाही. व्हायला हवा होता. चार महिने मी त्याचीच वाट बघत होते. मी पाणी प्रयोगशाळेत नेलं आणि त्यातला प्राणवायू मोजला. जवळजवळ शून्य. दुपारच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले.

तळं नव्हतंच तिथं. काठापासून काठापर्यंत केंदाळ माजलं होतं, गुडघाभर उंच. कमळाचं एक पानही दिसत नव्हतं. आत्तींच्या दगडालासुद्धा त्याची मुळं चिकटली होती.

"एवढं वाढेपर्यंत काय करत होतीस?" मी विचारलं. आवाज माझा मलाच खोटा वाटला.

"काढायला आजी आहेत ना, आज-उद्या परत येतील, या भरवशावर राहिले. मग मला ताप आला, आठवडाभर झोपून होते. उठून बघते तर हे."

"काढायला आजी आहेत म्हणजे?"

रेवती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत नाही? आजी रोज काढायच्या. संक्रांतीपासून. सकाळ-संध्याकाळ आकडीनं ओढायच्या, लांब असलं तर पाण्यात उतरायच्या. मी काढते म्हटलं तर काढू द्यायच्या नाहीत. म्हणाल्या, 'माझ्या सुनंनं मायेनं दिलेलं वाण हाय. तू टाकू नकोस, तिला वाईट वाटंल. एक झुबका ठेव, वाढेल तेवढं मी काढतो.' मळी घातल्यापासून तर बिचाऱ्या दोन-दोन तास काढत होत्या."

"आणि टाकायच्या कुठं?"

ती मला घराच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेली. माझ्या कुंपणावरून न दिसणाऱ्या भिंतीशी वाळलेल्या केंदाळाचा ढीग होता. माझ्या छातीइतका उंच. ओलं केंदाळ किती जड असतं, ते ज्यानं ओढलंय त्यालाच कळतं. अडुसष्ट वर्षांच्या बाईनं पाटी-पाटीनं तो ढीग रचला होता.

मी त्या ढिगाजवळ खाली बसले. ऊन लागलं असेल, असं रेवतीला वाटलं. तिनं पाणी आणून दिलं, पदरानं वारा घातला. तिनं वारा घालावा याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मी आठ दिवस रजा टाकली. साडीचा काचा मारून तळ्यात उतरले. केंदाळ उपटलं, पाटीत भरलं, बाहेर नेलं. रेवती अशक्त होती, तिला मी काठावर बसवलं. केंदाळ निघाल्यावर तळाची कुजलेली मळी बादलीनं उपसली. सगळं पाणी एकदम बदललं असतं तर उरलीसुरली पिल्लंही गेली असती, म्हणून रोज चौथाई पाणी काढायचं आणि पिंपात ठेवलेलं दोन दिवसांचं पाणी घालायचं. माझे हात खाजून लाल झाले. रोज संध्याकाळी मी पाणी तपासायला पाठवत होते. प्राणवायूचा आकडा आधी एक, मग अडीच, मग चार. सातव्या दिवशी साडेपाच आलं आणि पाण्याखालचं पाणगवत पुन्हा दिसायला लागलं.

"मळी घाल म्हटलं ती माझी चूक," मी रेवतीला एवढंच सांगितलं. अर्धंच खरं.

"चूक कुणाची होत नाही?" ती म्हणाली. पुढचं मला बोलवलं नाही.

आठव्या दिवशी आत्ती आल्या. रिक्षातून उतरल्या, काठी टेकत सरळ फाटक ढकलून तळ्याकडेच आल्या. मी कमरेइतक्या पाण्यात उभी होते. त्यांनी तळं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि आपल्या दगडावर बसल्या. रेवती चहा टाकायला आत गेली.

"आत्ती," मी म्हणाले, "ते वाण मी मुद्दाम दिलं होतं."

"ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"डबा दिलास तवापासून. मी नदीकाठची हाय गं. केंदाळ मला वळखू येत न्हाई व्हय?"

"मग तेव्हाच मला बोलला का नाहीत?"

"तेवढ्या बायकांत? माझ्या सुनंची अब्रू काढायची?" त्या म्हणाल्या. "आणि मागनं बोललो असतो तर तू दुसरं काहीतरी दिलं असतंस."

मी पाण्यात उभी राहून रडत होते आणि त्यातच मला हसू आलं. आत्ती हसल्या नाहीत. मला वाटलं, आता तरी त्या बोलतील, ओरडतील, नावं ठेवतील. मी तयार होते. तेवढ्यात रेवती चहाचा ट्रे घेऊन आली.

"आजी, बघितलंत ना? सगळं वहिनींनी केलं. मी नुसती बसून होते."

"ती करणारच," आत्ती म्हणाल्या. "तिच्यासारखी कामाची बाई मी माझ्या आयुष्यात बघितली न्हाई. हे घर तिच्यामुळं उभं हाय. एवढी शिकलेली, पण चिखलात उतरताना मागंपुढं बघत न्हाई. पंधरा वर्षं मी बसून खातोय, ते तिच्या जिवावर."

एवढं बोलून त्यांनी एकदम तोंडावर हात ठेवला. मग बशीत चहा ओतून पिऊ लागल्या. मी पाण्यातून बाहेरच येईना. रेवतीनं दोनदा हाक मारली तेव्हा कुठं काठ चढले.

संध्याकाळी आंघोळीसाठी मी न्हाणीत बंब पेटवला होता. आत्तींनी तिथंच पाट मांडला आणि मला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. त्यांच्या मुठीत मीठ, मोहऱ्या आणि पाच लाल मिरच्या होत्या.

"हे काय, आत्ती?"

"गप बस. दुपारी तोंडातनं निघून गेलं." त्यांनी मूठ माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून, पायांपर्यंत उतरवली. "परक्याची दृष्ट आठ दिसांत उतरती. आपल्याच माणसाची लागली की उतरत न्हाई. माझी आई आमच्यापैकी कुणाला कधी बरं म्हणायची न्हाई, त्ये उगीच न्हवं. मी पंधरा वर्षं जीभ चावून राहिलो आणि आज घात केला."

मूठ तीनदा फिरली, पाच वेळा फिरली, सात वेळा फिरली. त्या पुटपुटत होत्या, ते मला नीट ऐकू आलं नाही. मग कंबर धरून वाकल्या आणि मूठ बंबाच्या विस्तवात टाकली. मोहऱ्या तडतडल्या. मिरच्या पेटल्या, काळ्या झाल्या, त्यांचा धूर आमच्या दोघींच्या तोंडावर आला, तरी ना त्यांना ठसका लागला ना मला. दृष्ट कडक असली की ठसका येत नाही म्हणतात.

"बघ," आत्ती म्हणाल्या, "केवढी लागली होती माझी."